लाकडी पंखांची नाडी

हुमनाबादेत विमानाचा आवाज आला म्हणून कोणी मान वर करीत नाही. बिदरचा हवाई दलाचा तळ येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे आणि तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. हवाई कसरतींसाठी नावाजलेले सूर्यकिरण पथक १९९६ साली तेथेच स्थापन झाले. पूर्वी किरण जातीची विमाने असत, २००८ पासून हॉक आली. शेतात खुरपणी करणाऱ्या बाया आवाजावरून ‘आज लवकर सुरू झाले वाटते’ एवढे म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात.

अशा गावातला एक मुलगा विमानांकडे वळला तर त्यात नवल नाही. नवल वाटले ते त्याच्या घरच्यांना. आमच्या शेजारच्या वाड्यातील माईंचा हा नातू. त्याने विमान चालविण्याचे नव्हे, तर विमानांच्या देखभालीचे शिक्षण घ्यायचे ठरविले. माई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, ‘‘तात्या, तुम्ही त्याला चार शब्द सांगा. विमानात बसणार नाही म्हणतो, विमानाखाली निजणार म्हणतो! याला का एवढे शिकविले आम्ही?’’ मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले, त्यामुळे असल्या प्रकरणांत माझी साक्ष काढण्याची आमच्या आळीत रीत आहे. मी साक्ष दिली ती नातवाच्या बाजूने, आणि माई पुढे महिनाभर माझ्याशी मोजकेच बोलल्या.

पहिल्या सुट्टीत तो आला तेव्हा त्याची स्वतःचीच एक तक्रार होती. ‘‘काका, अजून आम्हांला लाकडी बांधणीचा धडा आहे. सरस, सांधे, प्लायवुड! आता लाकडाची विमाने आहेत कोठे?’’ तशी ती अगदीच संपलेली नाहीत. फ्रान्समधील रोबिन जातीची छोटी विमाने लाकडी बांधणीची आहेत. आपल्याकडे १९६१ साली उडालेले रोहिणी ग्लायडर लाकडाचेच होते आणि त्यावर पुष्कळ तरुणांनी उडण्याचे पहिले धडे गिरविले. तथापि या धड्याचे खरे उत्तर आपल्याच राज्यात, येलहंका आणि कोलार येथे, १९४४ साली लिहिले गेले आहे. ते मी त्याला सांगितले, तेच आज वाचकांपुढे मांडतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांकडे मॉस्किटो नावाचे दोन इंजिनांचे विमान होते. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले आणि पुढे त्याच्या साडेसात हजारांहून अधिक प्रती बनल्या. धातूचा तुटवडा पडेल या धास्तीने डी हॅविलंड कंपनीने ते लाकडाचे केले होते. मध्ये बाल्सा नावाचे भेंडासारखे हलके लाकूड, दोन्ही अंगांना बर्च झाडाच्या पातळ प्लायवुडचे पापुद्रे, आणि पंखाच्या मुख्य तुळईसाठी स्प्रूस हे सरळ रेषांचे लाकूड. हे सारे एकमेकांना धरून ठेवी तो सरस. प्रारंभी हा सरस केसिनाचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला असे. आपल्या घरी नासलेल्या दुधाचे जे होते त्याचाच हा सुधारलेला अवतार! दमट हवेत त्याला बुरशी धरते, म्हणून पुढे फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला.

ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ही विमाने हिंदुस्थानात आणली गेली. येलहंका व कोलार येथील तळांवर पथकांना ती हाताळण्याचे शिक्षण मिळाले. १९४४ च्या पावसाळ्यानंतर एकामागून एक अपघात झाले. काही विमानांचे पंख हवेतच मोडले आणि आतली माणसे गेली. तपासणीत काही पंखांचे वरचे आच्छादन मुख्य तुळईपासून सुटलेले आढळले. नोव्हेंबरात या भागातील मॉस्किटो विमाने जमिनीवर आणून ठेवावी लागली.

दोष कोणाचा? पहिले उत्तर तयारच होते : या देशाचे ऊन, या देशाचा पाऊस. कंपनीतर्फे हेरवर्ड डी हॅविलंड स्वतः तपासाला आले आणि डिसेंबरच्या आरंभी त्यांच्या पथकाने अहवाल दिला, की सरस बिघडलेला नाही, पावसाळी हवेत लाकूड आक्रसल्यामुळे हे घडले. पुढील चौकशीने मात्र दुसरेच बोट दाखविले. इंग्लंडमध्येच राहिलेली, पावसाळा अथवा वाळवी यांचे तोंडही न पाहिलेली विमाने उघडून पाहिली, तर त्यांतही तसलेच दोष निघाले. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट भिडलेलेच नव्हते आणि मधल्या फटीत सरस ओतला होता. हवेने एवढेच केले की जे झाकले होते ते उघडे पाडले. उपाय म्हणून पंखाच्या लांबीवर सांध्याच्या रेषेत लाकडाची एक पट्टी चिकटवून तो बंद करण्यात आला. हा वृत्तान्त मी प्रथम वाचला तेव्हा मला संताप आला होता. येथल्या हवेवर ठपका ठेवणे फार सोपे होते, कारण हवा उलटून बोलत नाही.

सरस हा शब्द आपल्या सुतारांच्या तोंडचा आणि त्याचा नियमही त्यांना पाठ आहे : सरस दोन अंगांना जोडतो, तो पोकळी भरून काढीत नाही. दोन्ही लाकडे रंधून एकजीव बसली पाहिजेत, वर दाब हवा, आणि सरस सुकेपर्यंत दाब हलता कामा नये. फळीला फळी लांबीत जोडायची झाल्यास टोकाला टोक भिडवून चालत नाही. दोन्ही टोके लांब तिरकस कापतात. विमानाच्या कामात हा उतार दहास एक ते बारास एक असा धरतात, म्हणजे एक इंच जाडीच्या फळीला दहा-बारा इंचांचा तिरकस सांधा.

आणि ओलावा? आपल्या वाड्यांची दारे ज्येष्ठात सैल वाजतात आणि श्रावणात फुगून लागेनाशी होतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, आडव्या अंगाने मात्र फुगते नि आक्रसते. प्लायवुडचे थर एकमेकांवर आडवे-उभे घालतात ते यासाठीच. विमानात धातूचे बोल्ट लाकडातून आरपार जातात तेथे याचा मोठा जाच होतो. पावसाळ्यात बोल्ट आवळला तर फुगलेले लाकूड चेपते, उन्हाळ्यात ते आक्रसले की तोच बोल्ट सैल. ओलाव्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर जाऊन राहिले की कुजणे सुरू होते. म्हणून पंखाच्या खालच्या अंगाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. एखाद्या उत्साही रंगाऱ्याने ती रंगाने बुजविली, तर विमान दिसते सुरेख आणि सडते आतून.

तपासणीची रीत ऐकून माईंनाही कुतूहल वाटले. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारतो, तसे लाकडावर लहानशा हातोडीने हलके ठोकत जायचे. चांगले लाकूड टणत्कार देते. सांधा सुटला असेल अथवा कूज असेल तेथे आवाज बद्द येतो. मग टोकदार हत्याराने हलके टोचून पाहायचे. बोल्टाभोवती काळसर डाग दिसला तर ओले लाकूड आणि लोखंड यांची गाठ पडली आहे असे समजावे. विजेरीचा झोत पृष्ठभागावर आडवा टाकला तर प्लायवुडला आलेले फोड दिसतात, आणि लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी, केसाएवढी सुरकुतीही दिसते. ती सर्वांत वाईट. कोणत्या तरी जोराच्या आदळण्यात आतले तंतू दबून मोडल्याची ती खूण असते. झाकण उघडताच नाकही वापरावे; कुबट वास आला तर पुढची तपासणी डोळ्यांनी करण्याआधीच निम्मी झाली.

आदळणे म्हटले की चाके आली. जुन्या काळी या बाबतीत फारच साधेपणा होता. महायुद्धाच्या दिवसांत आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना हैदराबादेस बेगमपेठेला प्राथमिक वैमानिक शाळा होती. तेथील टायगर मॉथ विमानांचे पंख लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेले. त्यांना ब्रेक नव्हतेच. शेपटीखालची पट्टी गवतात घासत जाई आणि विमान थांबे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले ते पस मॉथ विमानातून, आणि तेच टपाल नेव्हिल विन्सेंट यांनी पुढे बल्लारीमार्गे मद्रासेस नेले. त्या विमानाची एक गंमत होती. चाकांच्या दांड्यांवरील चपटी आवरणे वैमानिकाला आडवी फिरविता येत आणि ती वाऱ्याला अडवून वेग कमी करीत!

मॉस्किटोच्या चाकांत धक्का सोसण्यासाठी रबराच्या ठोकळ्यांची चळत होती. नेमक्या मापाची नळकांडी कातण्याचा वेळ त्यामुळे वाचला. बहुतेक विमानांत मात्र तेल आणि दाबलेला वायू यांची जोडी असते. एका नळकांड्यात दुसरे सरकते. चाक टेकले की तेल एका बारीक छिद्रातून जबरीने वर जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरते. वर कोंडलेला वायू विमानाला पुन्हा उचलून धरतो. हा वायू मोठ्या विमानांत नायट्रोजन असतो, कारण तापलेले तेल आणि प्राणवायू यांची गाठ घालून देणे शहाणपणाचे नाही. तपासणाऱ्याने प्रथम पाहायचे ते त्या चकचकीत दांड्याची किती लांबी उघडी आहे. कमी असेल तर वायू गळला अथवा तेल. आणि दांड्यावर धूळ बसून राहिली असेल, तर पुढच्या उतरण्यात ती आतल्या रबरी कड्यांना कानशीसारखी घासणार. बिदर-हुमनाबादची तांबडी धूळ ज्यांनी उन्हाळ्यात पुसली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

टायर आणि चाकाची कड यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढलेली असते. ती तुटून दोन तुकडे शेजारी सरकलेले दिसले तर समजावे की ब्रेकच्या जोराने टायर कडेवर फिरला आहे, आणि आत ट्यूब असेल तर तिची झडप ओढली जात आहे. किती स्वस्त नि किती बोलकी युक्ती!

ब्रेक मोटारीच्या ब्रेकसारखेच, तेलाच्या दाबावर चकतीला पकडणारे. फक्त डावा आणि उजवा वेगवेगळा दाबता येतो, कारण जमिनीवर वळण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो. पाय दाबताच स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा शिरली आहे, ती काढून टाकली पाहिजे. तेलाच्या बाबतीत मात्र नातवाने मला एक गोष्ट शिकविली. जुन्या पद्धतीचे वनस्पतिजन्य तेल निळे आणि खनिज तेल तांबडे असते. पहिल्याला नैसर्गिक रबराची कडी चालतात, दुसऱ्याला कृत्रिम रबराची. एकाच्या जागी दुसरे ओतले तर कडी फुगून अथवा विरघळून ब्रेक जातो, आणि तो जातो तो लगेच नव्हे, तर चार उड्डाणांनंतर. म्हणून डब्यावरचे नाव वाचल्याखेरीज झाकण उघडायचे नाही.

दुसरी गोष्ट तापलेल्या ब्रेकची. वेगात उतरून जोराने थांबलेल्या विमानाचे ब्रेक भयंकर तापतात. त्यांच्यावर पाणी ओतायचे नाही, आणि जवळ जायचे ते पुढून किंवा मागून, बाजूने कधीही नाही. कारण चाक फुटले तर तुकडे बाजूला उडतात. मोठ्या विमानांच्या चाकांत ठरावीक उष्णतेला वितळणारी बुचे असतात, म्हणजे टायर फुटण्याऐवजी हवा सोडून बसते. वीरभद्रेश्वराच्या जत्रेत रथाच्या चाकाखाली लाकडी ठोकळे सारणारी माणसे आपण पाहतो. तीही चाकाच्या अगदी समोर पाय ठेवीत नाहीत, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकविले?

काम संपले की हत्यारे मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. मग नोंदवहीत काय केले ते लिहून सही. आणि विमानाच्या सुकाणूच्या जोडण्यांसारखे नाजूक काम असेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाने स्वतः पाहून दुसरी सही. पहिल्याने सांगितले म्हणून नव्हे, स्वतः पाहून. कोंकणाकडच्या वाटेवर कोल्हापूरच्या मुलखातून गेलेले डॉ. विष्णू माधव घाटगे, ज्यांनी गटिंगेन येथे प्रांटलसारख्या गुरूपाशी डॉक्टरेट केली, त्यांच्या आराखड्यावरून बंगळूरला बनलेले एचटी-२ हे विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. ते संपूर्ण धातूचे होते. तरी सहीची ही पद्धत त्यालाही होती आणि आजच्या हॉकलाही आहे. लाकूड गेले, वही गेली नाही.

आता माईंकडे वळतो. गेल्या दिवाळीत नातू आला तेव्हा जेवणानंतर वाड्यात हिंडता हिंडता त्याने बोटाच्या पेराने तुळयांवर टकटक करीत जायला सुरुवात केली. आम्ही हसत होतो. माजघरात, माईंच्या पलंगाच्या बरोबर वर, भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी तो थांबला. पुन्हा ठोकले, कान लावला, आणि स्वयंपाकघरातून दाभण मागून घेतले. दाभण मुठीपर्यंत आत गेले. बाहेरून तुळईवर नुकताच दिलेला तेलाचा हात चकाकत होता.

त्या रात्री पलंग सोप्यात आणला. पाडवा झाल्यावर सुतार आला, त्याने टोक उघडले, तर वाळवीने चार बोटे जाडीचे कवच तेवढे ठेवले होते. नवी तुळई बसली तेव्हा नातू परत गेला होता. सुतार काम दाखवायला आला, तसे माई त्याला म्हणाल्या, ‘‘थांब बाबा. आधी तात्यांना ठोकून पाहू दे.’’