विश्लेषण : बांधकाम कंत्राटातील दावे वर्षानुवर्षे का रेंगाळतात? नोटीस, नोंदी आणि विलंबाचे गणित काय?

पूल, रस्ता किंवा मेट्रोचे काम रखडले की चर्चा होते वाढलेल्या खर्चाची. या खर्चात कंत्राटदाराने मागितलेल्या भरपाईचाही वाटा असतो. जागा उशिरा मिळाली, आराखडा बदलला, यंत्रे पडून राहिली अशा कारणांनी केलेल्या या मागणीला ‘दावा’ म्हणतात. केंद्र सरकारने ३ जून २०२४ रोजी सरकारी खरेदी करारांतील लवादावर मर्यादा आणली. त्यामुळे हे दावे काम सुरू असतानाच कसे मिटवायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे.

दावा म्हणजे नेमके काय?

झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते आणि त्यावरून बिल निघते. दावा याहून वेगळा. करारात धरलेल्यापेक्षा वेगळी परिस्थिती उद्भवली, म्हणून जादा पैसे किंवा जादा मुदत मागणे म्हणजे दावा. पायाच्या खोदाईत निविदेत न दाखवलेला कातळ लागणे, विभागाने मूळ यादीत नसलेले काम सांगणे, भूसंपादन अपुरे असणे, स्टील-सिमेंट-डांबराचे दर वाढणे ही त्याची नेहमीची कारणे. विभागही दावा करतो. उशिराबद्दल आकारलेला दंड हा त्याचाच प्रकार. दावा म्हणजे भांडण नव्हे. तो फेटाळला गेला किंवा त्यावर उत्तरच आले नाही, की वाद सुरू होतो.

नोटीस इतकी महत्त्वाची का?

भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, ठरलेल्या वेळी न झालेली गोष्ट समोरच्याने नंतर निमूटपणे स्वीकारली, तर त्या विलंबाची भरपाई त्याला मागता येत नाही. ती मागायची असेल, तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. चार महिने उशिरा मिळालेली जागा एक ओळही न लिहिता ताब्यात घेणारा कंत्राटदार इथेच अडकतो.

राज्यातील बी-१ करारनाम्यात अडथळा आल्यापासून ३० दिवसांत कार्यकारी अभियंत्याकडे मुदतवाढीचा अर्ज करण्याची तरतूद आहे. मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय नमुन्यात नोटिशीसाठी २८ दिवस मिळतात. मुदत चुकली की हक्क आपोआप संपला, असे कलम करार कायद्याच्या कलम २८ मुळे न्यायालयात टिकेलच असे नाही. पण उशिरा लिहिलेल्या पत्राचे पुराव्यातील वजन घटते. शिवाय नोटीस वेळेत मिळाली, तर विभागाला अडथळा दूर करण्याची किंवा यंत्रे दुसरीकडे लावायला सांगण्याची संधी मिळते.

प्रत्यक्षात पुढचे बिल ज्यांच्या सहीने निघायचे, त्याच अभियंत्याला नाराज करायला कंत्राटदार धजावत नाही. मग काम संपल्यावर एकदम जाडजूड फाइल येते. तोवर अधिकारी बदललेले असतात आणि त्या दिवशी जागेवर काय होते, हे सांगणारे कुणी उरलेले नसते.

उशीर कुणामुळे, हे कसे ठरते?

यासाठी अडथळ्यांची नोंदवही, म्हणजे ‘हिंड्रन्स रजिस्टर’, निर्णायक ठरते. अडथळा कधी आला, कधी दूर झाला, कोणते काम थांबले, याची नोंद दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी हवी. सोबत मूळ वेळापत्रक आणि दरमहा सुधारलेले वेळापत्रक लागते. कारण प्रत्येक अडथळ्याने प्रकल्प लांबतोच असे नाही. ज्या कामावर पुढची साखळी अवलंबून आहे, तेच थांबले तर अंतिम तारीख पुढे जाते.

समजा, उड्डाणपुलाच्या मार्गातील जलवाहिनी पाच महिने हलवली गेली नाही. पण त्याच काळात कंत्राटदाराचे पायलिंग यंत्रही आलेले नव्हते. अशा दुहेरी विलंबात सहसा मुदतवाढ मिळते आणि दंड टळतो. भरपाई मिळणे मात्र कठीण जाते.

माहुलच्या खटल्याने काय शिकवले?

रक्कम कशी काढायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. बाटलीबॉय एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअर्स आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांच्यातील हा वाद मुंबईत माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातील सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा होता. कंत्राट १९९२ चे, लवादाचा निवाडा १९९९ चा. कार्यालयीन खर्च आणि बुडालेला नफा यांच्या भरपाईचा मुद्दा कळीचा होता.

अशा दाव्यांत ‘हडसन सूत्र’ वापरतात. २४ कोटींचे काम २४ महिन्यांचे असेल आणि त्यात कार्यालयीन खर्च व नफा मिळून १० टक्के धरले असतील, तर महिन्याला १० लाख होतात. पाच महिन्यांच्या विलंबाचे ५० लाख. गणित सोपे, पण त्यामागे गृहीतके आहेत. विलंबामुळे कंत्राटदाराला दुसरे काम घेता आले नाही आणि घेतले असते तर तेवढाच नफा झाला असता, हे दाखवावे लागते. शिवाय, झालेल्या कामाच्या बिलातून हा खर्च आणि नफा मिळाला असेल, तर तोच पुन्हा मागणे म्हणजे दुहेरी वसुली. याच कारणांनी निवाडा टिकला नाही. कंत्राटानंतर तीन दशकांनी हाती आले ते एवढेच : सूत्र हा पुराव्याला पर्याय नाही.

जून २०२४ च्या परिपत्रकाने काय बदलले?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लवादाचे कलम सर्वसाधारणपणे १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतेच ठेवायचे आहे. ही मर्यादा वादाच्या रकमेला आहे, कंत्राटाच्या नव्हे. त्यावरील वादांसाठी मध्यस्थी किंवा न्यायालय. मोठ्या वादांसाठी निवृत्त न्यायाधीश व तज्ज्ञांची उच्चस्तरीय समिती नेमण्याची मुभाही आहे. त्याआधी दोनच महिने, १० एप्रिल २०२४ रोजी, दिल्ली विमानतळ मेट्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ चा सुमारे २,७८२ कोटींचा निवाडा उपचारात्मक याचिकेत रद्दबातल ठरवला होता. व्याजासह ती रक्कम आठ हजार कोटींच्या घरात गेली होती. लवादाला अंतिमता नाही, ही सरकारची तक्रार. तर दिवाणी न्यायालयात आणखी वर्षे जातील, ही कंत्राटदारांची भीती.

निर्णय जागेवर का होत नाहीत?

अभियंत्याने दावा मान्य केला, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप आणि दक्षता चौकशीची टांगती तलवार. फेटाळला, तर त्याला कुणी जाब विचारत नाही. म्हणून ‘लवादाने किंवा न्यायालयाने सांगितले तर देऊ’ हा सुरक्षित मार्ग ठरतो. पण दावा पुढे खरा ठरला, तर त्यावर व्याज चढलेले असते आणि ते भरतो करदाता. दुसरीकडे मोठी कंपनी दहा वर्षे तग धरते. छोटा कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार आणि मजुरांचा मुकादम यांचे भांडवल मात्र यातच अडकते.

यावर उपाय काय?

निविदेपूर्वी जमीन आणि भूमिगत वाहिन्यांची कामे मार्गी लावणे, हा पहिला. कामाच्या आरंभीच तटस्थ तज्ज्ञांचे वाद निवारण मंडळ नेमणे आणि अडथळ्यांची नोंदवही दरमहा दोघांनी तपासणे, हा दुसरा. तिसरा सर्वांत अवघड : लेखी कारणे देऊन प्रामाणिकपणे दावा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. ते नसेल, तर लवाद असो वा न्यायालय, फाइल फक्त दालन बदलेल.