पोरगं ढ नाही, घरात गोंगाट आहे

"आमच्या पोराचं अभ्यासात लक्षच लागत नाही," ही तक्रार आपल्या वस्तीत घरोघर ऐकू येते. मग पोराला बोलणी बसतात, कधी मारही. पण ते पोर अभ्यासाला बसते कुठे, हे कोणी पाहत नाही. दहा बाय दहाची खोली, टीव्हीवर मालिका, भिंतीपलीकडे शेजारणीचा मिक्सर, शेजारी बसलेल्या मामाच्या मोबाईलवर रील्स. अशा जागी मोठ्या माणसाला किराण्याची यादीसुद्धा धड लिहिता येणार नाही.

न्यूयॉर्क शहरात एका शाळेच्या अगदी बाजूने उंच पुलावरची रेल्वे जाते. दर साडेचार मिनिटांनी गाडी आली की बाई शिकवायच्या थांबत. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली या शाळेतील मुलांचे वाचन तपासले. शाळा एकच, पण रुळांच्या बाजूच्या वर्गातील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. सहावीपर्यंत हा फरक जवळजवळ वर्षभराचा झाला होता. पुढे रुळांखाली रबर बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१ साली पुन्हा पाहिले, तर फरक उरला नव्हता. बदल मुलांच्या डोक्यात केला नव्हता, रुळांत आणि छतात केला होता.

बाबासाहेबांच्या वडिलांना हे कोणत्याही संशोधनाशिवाय कळले होते. परळच्या चाळीतील एका खोलीत सगळे कुटुंब. भीमराव लवकर झोपत, आणि रामजीबाबा रात्री दोनला त्यांना उठवून अभ्यासाला बसवत. चाळ शांत असे ती तेव्हाच.

आपल्या पोरांना रात्री दोनला उठवा असे मी म्हणणार नाही. वाढत्या वयात झोप हवीच. पण संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद ठेवायला पैसा लागत नाही. मोबाईल पाहणाऱ्याने इयरफोन लावावा. विहार संध्याकाळी कुलूपबंद असते, ते पोरांसाठी उघडावे.

आणि डीजेचे काय? हे लिहिले की काहींना राग येतो, येऊ द्या. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. हळदीला, वाढदिवसाला आणि त्या दिवशी सूट नसेल तर आपल्या जयंतीलाही तो नियम लागू आहे. एप्रिलमध्ये कित्येक पोरांच्या परीक्षा चालू असतात. यंदा जयंती मंडळाच्या पहिल्या बैठकीत आयांनीच हा विषय काढावा.