फुप्फुस नवे, पाय जुनेच!

१९६३ साली अमेरिकेत डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसावर पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण १८ दिवस जगला. १९८३ साली टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. आज ही शस्त्रक्रिया मुंबई-चेन्नईतही होते. पण नुसते जगणे पुरेसे आहे काय?

नव्या फुप्फुसाने श्वास मोकळा होतो, तरी जिना चढताना अनेकांचे पाय भरून येतात. दोष छातीत नसून बहुधा मांड्यांत असतो. दीर्घ आजारपण, अंथरुणावरचे दिवस आणि शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून जन्मभर घ्यावी लागणारी औषधे यांनी स्नायू दुबळे होतात. यावर उपाय नुसती विश्रांती नव्हे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने चालणे, सायकल आणि स्नायूंचे व्यायाम केल्यास ताकद वाढते.

आपल्या घरांत मात्र "तू उठू नकोस, आम्ही आणून देतो" ही माया समजली जाते. तीच रुग्णाला पुन्हा खाटेला खिळवते. शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपये उभे करताना व्यायामोपचाराचा खर्चही त्यातच धरावा आणि रुग्णालयांनी तो आधीच सांगावा. रुग्ण स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन आला, तरच शस्त्रक्रिया सार्थकी लागली म्हणायची.