परदेशी नातवंडांवरचा खटला

देवळाली प्रवरा काय, राहुरी काय, संगमनेर काय, प्रवरेच्या पट्ट्यात गावोगावी आता अशी घरं आहेत की ज्यांची नातवंडं अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर दुबईत वाढताहेत. मुलगा इंजिनिअर, सून इंजिनिअर, पदरात एक-दोन लहान पोरं. लग्नाच्या पंगतीत किंवा दशक्रियेला जमलेल्या मंडळींत या घरांचा विषय निघाला की निकाल लागायला वेळ लागत नाही. "पोरगं तर गेलंच हातचं, आता नातवंडंही गेली." आरोपाची कलमंही ठरलेली. एक, गाव सुटलं की मुळं तुटतात. दोन, तिकडे वाढलेल्या पोरांची मराठी जाते. तीन, आईबाप नोकरीपायी त्यांना पाळणाघरात टाकतात, पोरं मायेला मुकतात, आणि हे सगळं चैनीसाठी. चार, म्हातारा-म्हातारी एकटी पडतात. बोलणारी माणसं वाईट नसतात, बहुतेकांच्या पोटात काळजीच असते. पण काळजी खरी आहे म्हणून निदान खरं ठरत नाही.

आधी मुळांचं बघू. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी रुजलेली होती आणि ती आत्ता कुठे उखडली, हे चित्र निदान आपल्या भागाने तरी रंगवू नये. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, कालव्यांचं पाणी फिरलं आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला, मग राहुरीचा निघाला. देवळालीच्या हद्दीतली राहुरी फॅक्टरीची वस्ती कामाच्या शोधात आलेल्या माणसांनीच भरली. त्यांच्या नातवंडांना आज कुणी उपरं म्हणत नाही.

आणि ऊसतोडीच्या टोळ्या? बीड, पाथर्डीकडून हंगामाला बिऱ्हाडं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत दोघं फडात उतरतात. तान्हं पोर बांधावर पाचटाच्या सावलीला, साडीच्या झोळीत. त्याला झोका द्यायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण, आणि तिचं दप्तर गावाकडे खुंटीला. हेही लहान पोरांचं कुटुंबच आहे आणि तेही घर सोडून परमुलखातच आहे. या पोरांची मुळं तुटली म्हणून पंगतीत कुणाचा घास अडत नाही. त्या बहिणीचं नुकसान बीड ते राहुरी या अंतराने झालेलं नाही. शाळा सुटल्यामुळे आणि आईबापांना तिच्याशी दोन शब्द बोलायची उसंत नसल्यामुळे झालेलं आहे. मग फ्रँकफर्टच्या पोराला मात्र अंतराचाच दंड का?

आता भाषेचं कलम. हे सगळ्यात जोरात मांडलं जातं आणि सगळ्यात पोकळ आहे. "तिकडे मराठीचा गंधही नसतो" हे पहिलं विधानच चूक. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून काम करतं, आणि तिथल्या कित्येक शहरांत शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली ज्यू मंडळींनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, मंडळं आणि शाळा असून उपयोग काय, पोरं बोलतात कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मॉरिशसमध्ये मिळतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत. मराठी तिथे शाळेत शिकवली जाते, गणपती बसतो, नाटकं होतात. पण घरात, अंगणात, भांडणात भाषा आहे ती क्रिओल. शाळेने मराठी जपली, घरात ती राहिली नाही. आठवड्याचे दोन तास घरातल्या रोजच्या बोलण्याची भरपाई करू शकत नाहीत, मग शाळा मॉरिशसची असो की न्यू जर्सीची.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. ॲनिक द हाउवर या भाषाअभ्यासक बाईंनी बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातली सुमारे 1,900 कुटुंबं पाहिली आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. या घरांत डचखेरीज आणखी एक भाषा बोलली जात होती. जिथे आईबाप दोघंही फक्त आपली भाषा बोलत, तिथे 100 पैकी 97 घरांत मुलंही ती बोलत होती. एक पालक आपली आणि दुसरा डच, अशी वाटणी होती तिथे हा आकडा 74 च्या आसपास आला. आणि जिथे एक पालक नुसती डच व दुसरा दोन्ही भाषा बोले, तिथे तो 36 वर घसरला. ही सगळी कुटुंबं एकाच मुलखात राहत होती, शाळांची भाषाही एकच होती. फरक पडला तो स्वयंपाकघरात आणि जेवायला बसल्यावर. दोन भाषांनी पोर गोंधळतं ही भीतीही जुनी. कॅनडात माँट्रियलच्या पील आणि लँबर्ट यांनी 1962 मध्येच दाखवलं, की दोन्ही भाषा नीट येणारी मुलं एकभाषी मुलांच्या मागे तर नव्हतीच, बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होती.

हा निकष घेऊन देवळालीत या. सकाळी पिवळी बस दारात येते. आई पोराला म्हणते, "शूज घाल, वॉटर बॅग घे, मॅमला गुड मॉर्निंग म्हण." संध्याकाळी तेच पोर किराणा दुकानात जातं. दुकानदार म्हणतो, "सदुसष्ट झाले." पोर तोंडाकडे बघत राहतं. शेवटी दुकानदारच म्हणतो, "सिक्स्टी सेव्हन रे." हे पोर प्रवरेकाठी जन्मलं, इथल्याच विहिरीचं पाणी प्यालं, त्याला पासपोर्टही नाही. 2020 मध्ये राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्ही हवंच होतं. पण घरातली आई कोणत्या भाषेत रागावते, हे ना कायद्याच्या हातात आहे ना दर्जाच्या. तेव्हा मराठी सुटण्याचा गुन्हा असेलच, तर आरोपींची यादी फक्त विमानतळावर करून भागणार नाही.

पाळणाघराचं कलम नाजूक आहे, म्हणून सरसकट नाकारत नाही. अमेरिकेत देशभर लागू होणारी भरपगारी बाळंतपणाची रजा नाही. 1993 चा कायदा देतो ती 12 आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सगळ्यांना नाही. म्हणून तीन महिन्यांचं बाळ पाळणाघरात जातं. हे कठोर आहे, आणि त्याचं कौतुक मी करणार नाही. आपल्याकडे 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण ती नोकरदार बाईला. खुरपायला जाणाऱ्या बाईला ती कोण देतं? उलट जर्मनीत आईबाप दोघांनी वाटून घेतली तर मूळ भत्ता 14 महिने मिळू शकतो, आणि ते पूर्ण 14 मिळवायचे तर दोघांपैकी कुणी एकट्याने सगळी रजा घेऊन चालत नाही. दुसऱ्यालाही निदान दोन महिने घ्यावेच लागतात.

तिथल्या घरातली हिवाळ्यातली सकाळ बघा. बाहेर अजून अंधार. बाप पोराला बर्फाच्या जाड सुटात कोंबतोय, एक हात गेला की दुसरा बाहेर येतोय. आई डब्यात पोळीचे तुकडे भरतेय, कारण 'किटा'त, म्हणजे तिथल्या बालवाडीत, ब्रेडच मिळतो. पोराला रात्री दोन वाजता ताप भरला तर हाक मारायला शेजारच्या काकू नाहीत. भांडी घासायला बाई नाही. न्हाऊ घालणं, शी धुणं, झोपवणं, डॉक्टरकडे नेणं, सगळं दोघांत. अमेरिकेत तर आणखी एक पेच. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली शिकली-सवरलेली बायको कित्येक वर्षं कामच करू शकत नसे. त्यातल्या काहींना 2015 पासून परवाना मिळू लागला. याला चैन म्हणणाऱ्याने एक आठवडा तसं राहून यावं. आणि एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी. त्या घरातलं पोर बापाला भांडी घासताना रोज बघतं. देवळालीत पोराला आंघोळ घालणारा बाप किती घरांत आहे?

मायेचं म्हणाल, तर हा आरोप नवाही नाही. 1883 मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. तिथे रमाबाईंचं धर्मांतर झालं आणि इकडे टीकेचं मोहोळ उठलं. मनोरमा काही काळ वाँटेजच्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहिली, आई दुसऱ्या गावी शिकत-शिकवत होती. आज कुणी म्हणेल, पोर टाकलं. पण रमाबाईंची पत्रं वेगळं सांगतात. मुलीने काय शिकावं, कोणाच्या सांगण्यावरून काय मानावं, यावरून ही बाई आपल्या आश्रयदात्यांशीच वाद घालत होती. त्याच मनोरमेने पुढे भारतात परतून आईच्या शारदा सदनाची शाळा सांभाळली आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात उमेदीची वर्षं दिली. अंतर होतं, तरी दुर्लक्ष नव्हतं. आपण मात्र अंतर दिसलं की दुर्लक्ष गृहीत धरतो.

उरलं चौथं कलम, आणि त्यापुढे मी मान खाली घालतो. म्हातारपणी घर रिकामं होतं हे खरंच आहे. सुनेच्या बाळंतपणाला आजी डिंकाचे लाडू, सुंठ, बाळगुटी असं सामान तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांत मोजूनमापून भरते, आणि सहसा सहा महिन्यांच्या आत परत फिरते. मग उरतो तो मोबाइलचा पडदा. या दुःखाला तोडगा आहे अशी थाप मी मारणार नाही. पण पुण्याच्या हिंजवडीत राहणारा मुलगा दिवाळीलाच उगवत असेल, तर ते दुःख तरी कमी कसं? ते फक्त परदेशाच्या नावावर टाकू नये, एवढंच.

मग करायचं काय? पहिलं, परदेशातल्या आईबापांनी घरात आपसातही मराठीच बोलावं. पोर इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे. आपण मराठीतच पुढे चालू ठेवावं. शेजार, शाळा, टीव्ही हे तिकडची भाषा फुकट शिकवतात, मराठी शिकवायला दुसरं कुणी येणार नाही.

दुसरं, आजी-आजोबांनी फोनवर परीक्षक होऊ नये. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात असतात. दोन्हीकडे पोराला उसंत असते. पण आपण विचारतो काय, "जेवलास का? मराठी येतं का? म्हणून दाखव." पोर पळून जातं. त्यापेक्षा मोबाइल गोठ्यात न्या. धार काढताना दाखवा, वासराचं नाव त्याला ठेवू द्या, दुसऱ्या दिवशी त्याच वासराची खबर सांगा. बोलायला विषय मिळाला की भाषा मागोमाग येते.

तिसरं, आणि हे गावाने करायचं. अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे सुट्टीवर आलेल्या नातवंडाला शिर्डी, शिंगणापूर आणि पुण्यातले मॉल फिरवून परत पाठवण्याऐवजी दोन-तीन आठवडे गावातल्या मराठी शाळेत बसवता येईल. मुख्याध्यापकांशी बोलावं, हजेरीपटाचा आग्रह धरू नये, पाहुणा म्हणून बसू द्यावं. खो-खो खेळताना, डबा वाटून खाताना, भांडताना ते जेवढं मराठी शिकेल तेवढं रविवारच्या शाळेत वर्षभरात शिकणार नाही. त्या वर्गातल्या पोरांनाही कळेल, की लांबून आलेला मुलगा आपली भाषा शिकायला आलाय. आपली मराठी कमी दर्जाची नाही हा धडा त्यांना आजवर फारसा कुणी दिलेला नाही.

फक्त एक अडचण येईल, आणि ती आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेहून आलेला नातू मराठी शाळेत जाऊन बसेल आणि शेजारच्या घरातला त्याच्याच वयाचा पोरगा पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत निघून जाईल. तेव्हा हातचं कोण गेलं, याचा निवाडा पंगतीतल्या मंडळींनी पुन्हा करावा, आणि या खेपेला आपल्या घरापासून सुरुवात करावी.