तिरंग्यावर काही लिहू नका

ईद-ए-मिलादच्या जुलूसनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कामरगावात नालीच्या कडेला मला एक कागदी तिरंगा सापडला. उचलून पुसला, तर अशोकचक्राच्या जागी कलमा छापलेला. ज्या पोरांनी तो छापून घेतला त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, याची मला खात्री आहे. वतन आणि दीन, दोन्हींवरचं प्रेम एका कागदावर मावेल असं त्यांना वाटलं असणार. नालीकाठी मात्र दोन्हींची एकदमच बेअदबी झाली.

तिरंग्यावर अक्षरं नकोत, हा नुसता शिष्टाचार नाही. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा ध्वजावर काहीही लिहिणं हा अवमानच मानतो; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. मजकूर कलमा असो, पक्षाचं नाव असो की सरपंचाच्या शुभेच्छा. एकदा गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला 'हेतू चांगला होता' हे कोर्टात सांगत बसावं लागतं. आपल्या पोरांकडे लोक आधीच जास्त बारकाईने बघतात. ते अन्यायाचं आहे आणि त्यावर आपण बोलत राहूच, पण तोवर नियम माहीत नसणं आपल्याला परवडत नाही.

जुलूसमध्ये आणखी दोन चुका नेहमी दिसतात. हिरवा झेंडा आणि तिरंगा एकाच काठीला बांधतात. भारतीय ध्वजसंहिता, २००२ प्रमाणे ते चालत नाही. गाडीच्या बोनेटवर तिरंगा पांघरतात, तेही नाही. घरावर मात्र जुलै २०२२ पासून तो रात्रीही ठेवता येतो. सूर्यास्ताला उतरवलाच पाहिजे म्हणणारे जुना नियम सांगतात. भिंतीवर उभा लावलात तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा.

फाटलेल्या ध्वजाचं काय करायचं, हे खरं तर आपल्याला शिकवावं लागू नये. कुरआनची जीर्ण पानं आपण कचऱ्यात टाकत नाही, मशिदीत जमा करून अदबीने दफन करतो. तुलना करत नाही, फक्त सवयीची आठवण देतो. संहिताही म्हणते, खराब झालेला ध्वज एकांतात, पूर्णच्या पूर्ण, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने नष्ट करावा. जुलूस संपल्यावर चार पोरांनी स्वच्छ पिशव्या घेऊन रस्ताभर फिरावं, एवढं तरी यंदापासून जमेल.

मला सापडलेला तो कागद जाळायला हात धजला नाही. इमामसाहेबांना विचारून कब्रस्तानाच्या कोपऱ्यात दफन केला.