टॅपेटची टिकटिक

मागच्या रब्बीत घाटंजीजवळच्या आमच्या शेतात हरभऱ्याला पाणी सुरू होते. डिझेल इंजिन वरच्या बाजूने टिकटिक वाजू लागले. अब्बांनी मिस्त्रीला बोलावले. त्याने टॅपेट कसले, आवाज थांबला, सगळे खूश. महिनाभरात मात्र हँडल मारून हात दुखले तरी इंजिन सुरू होईना. हेड उघडले, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली. ऐन फुलोऱ्यात हरभऱ्याचे एक पाणी हुकले.

असे का झाले? फोर-स्ट्रोक इंजिनाची चार कामे असतात: हवा घेणे, ती दाबणे, इंधन जळून पिस्टन ढकलला जाणे आणि धूर सोडणे. एवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच. म्हणून कॅमच्या गिअरला दुप्पट दात असतात. जोडताना दोन्ही गिअरच्या खुणा जुळवाव्या लागतात. एक दात सरकला, तरी सगळी वेळ बिघडते.

आपल्याला वाटते, पिस्टन वर पोहोचला की हवेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तळाला गेला की मिटतो. तसे नसते. किर्लोस्करांचे पाच हॉर्सपॉवरचे एव्ही-१ इंजिन घ्या. त्यात हवेचा व्हॉल्व्ह पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी ४.५ अंशांवर उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन परत फिरल्यावर ३५.५ अंशांनी मिटतो. हवेलाही वजन असते. वेगाने आत शिरलेली हवा पिस्टन परत फिरला तरी काही क्षण येतच राहते. तेवढी जास्त हवा पदरात पडते. धुराचा व्हॉल्व्हही तळाच्या ३५.५ अंश आधीच उघडतो. दाब शिल्लक असल्याने बराचसा धूर आपोआप निघून जातो आणि पिस्टनचे कष्ट वाचतात.

हे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो, आणि एका वेळी सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागापुरताच उघडा राहतो.

एवढी बारीक वेळ टॅपेटच्या फटीवर अवलंबून असते. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट त्याचसाठी ठेवलेली असते. फट फार मोठी झाली, तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, आवाज वाढतो आणि ताकद घटते. फटच उरली नाही, तर आवाज जातो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बैठकीला टेकून हेडला देतो. टेकलाच नाही, तर पेटता वायू कडेने निसटतो आणि ती जाळतो. आमच्याकडे हेच घडले.

म्हणून मिस्त्री आला की जवळ उभे राहा. फट फीलर गेजने मोजायला सांगा, अंदाजाने नको. माप पुस्तिकेत दिलेले असते. इंजिन थंड की गरम असताना मोजायचे, तेही तिथेच पाहा. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. डीकॉम्प्रेशन लिव्हर न उचलताही हँडल हलके फिरत असेल, तर व्हॉल्व्ह गळत असण्याची शंका घ्या. घरातल्या मोटरसायकलचेही तत्त्व हेच आहे, माप तेवढे वेगळे.

आवाज एकदम वाढला, तर जरूर दाखवा. पण बारीक, एकसारखी टिकटिक बंद करण्यासाठी टॅपेट कसू देऊ नका.