'कुली' शब्दाची साक्ष

वेस्ट इंडीज बेटांतील जुनी चित्रपोस्टकार्डे जमविण्याचा शौक हल्ली पुष्कळांस असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या कार्डांवर त्रिनिदादमधील हिंदुस्थानी स्त्रिया दिसतात: नाकात नथ, गळ्यात नाण्यांच्या माळा, हातांत चांदीच्या बांगड्यांची रास, आणि खाली इंग्रजी मथळा, 'कुली सुंदरी'. हा शब्द खटकतो असे कोणी म्हणताच शौकिनांचे उत्तर तयार असते: शब्द त्या काळचा आहे, मजुराला मजूर म्हटले, यात तुच्छता कसली?

हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि त्याच्या खंडनास ते कार्डच पुरेसे आहे. 'कुली' शब्दाचे मूळ कित्येक अभ्यासक तमिळ 'कूलि'त, म्हणजे मजुरीत, पाहतात. परंतु चित्रातील स्त्री ऊस तोडीत नाही. ती छायाचित्रकारापुढे सजून बसली आहे. काम दृष्टीआड झाले, तरी नाव तिला चिकटलेलेच! अर्थात तो शब्द तेव्हाच कामाचा उरला नव्हता, वंशाचा झाला होता. 1893 साली दक्षिण आफ्रिकेस गेलेल्या गांधीजींना तेथील गोरे 'कुली बॅरिस्टर' म्हणत. बॅरिस्टराने कोणाची ओझी वाहिली होती?

1845 ते 1917 या काळात सुमारे 1,44,000 हिंदुस्थानी माणसे करारावर त्रिनिदादला नेली गेली. त्या स्त्रियांची चांदी बहुधा मजुरीची नाणी आटवून घडविलेली, म्हणजे त्यांची शिल्लकच होती. कार्ड विकणाऱ्याने त्या शिल्लकेचा शृंगार केला आणि घाम तेवढा वगळला.

मग मथळा खोडून टाकावा काय? तेही आम्हांस नको. मथळा पुसला की अपराधाचा पुरावाच नाहीसा होतो. गयाना येथे जन्मलेल्या लेखिका गायुत्रा बहादूर यांनी, 1903 साली कलकत्त्याहून एकटीच गेलेल्या आपल्या पणजीचा शोध घेणाऱ्या ग्रंथाला 2013 साली 'कुली वूमन' हेच नाव दिले. त्यांनी शब्द लपविला नाही. त्याच्याकडे हिशेब मागितला.

सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात हे कार्ड चौकटीत लागणार असेल तर खुशाल लागो. मात्र पाहुण्याने 'कुली म्हणजे काय?' असे विचारल्यास, 'जुना शब्द आहे,' एवढ्यावर यजमानाने सुटका करून घेऊ नये.